तालुक्याच्या कॉलेजात शिकता शिकता कामाचा अनुभव कसा जमवायचा

बीए, बीकॉम, बीएस्सी करून राहिलेल्या आपल्याकडच्या पोरापोरींना विचारा कामाचा अनुभव काय आहे, उत्तर ठरलेलं असतं, काहीच नाही ताई. डिग्री झाली की पुण्याला जाऊ, कुठंतरी लागू, मग अनुभव येईलच. आणि पुण्यात पहिल्याच मुलाखतीत विचारतात आधी काय केलं, तर तीन वर्षं कॉलेज, एसटी आणि वावर यात गेलेला पोरगा गप्प बसतो. मी यवतमाळ जिल्ह्यात एका शेतकरी उत्पादक कंपनीचं हिशोबाचं काम पाहते, दरवर्षी आमच्याकडे कॉलेजची मुलं ओजेटीला, म्हणजे अभ्यासक्रमातल्या ऑन जॉब ट्रेनिंगला येतात, आणि त्यांना पाहून माझं एक मत पक्कं झालंय. आपल्या पोरांनी काम भरपूर केलेलं असतं पण त्याची नोंद कुठंच नसते, आणि जे काम शिकायचं राहिलेलं असतं ते बरंचसं तालुक्याच्या गावीच शिकता येतं, जिथं तुम्ही रोज तसंही जाताच. म्हणून हे सगळं सविस्तर लिहून राहिले, पहिल्या वर्षापासून सुरू केलं तर उत्तम, नाहीतर जिथं आहात तिथून करा.

आधी एक वही करा, आजच

दोनशे पानी साधी वही घ्या आणि आतापर्यंत घरी, गावात, कॉलेजात जे जे काम केलं ते लिहून काढा. "घरचं काम ते काय लिहायचं" असं म्हणू नका.

कापसाची वेचणीच घ्या. सांजच्याला बाया गाठोडी घेऊन येतात, ताणकाट्यावर एकेकीचं वजन होतं, तुम्ही वहीत नाव आणि किलो लिहिता, मधात कोणी उचल घेतली तर ती लिहिता, आणि बाजाराच्या आदल्या दिवशी उचल वजा करून चुकारा करता. आता हेच काम कंपनीच्या भाषेत काय आहे? रोजची हजेरी, कामाच्या प्रमाणात मजुरी, ॲडव्हान्सची वजावट आणि पेमेंट. शहरातल्या ऑफिसात याच कामाला पगार देऊन माणूस ठेवतात. तुम्ही ते बारावीपासून करून राहिले, फक्त कोणाला सांगितलं नाही.

म्हणून वहीत असं लिहा: कोणत्या हंगामात, किती मजुरांचा, किती दिवस हिशोब ठेवला, चूक निघाली तर कशी सापडली. "बाबांना शेतीत मदत केली" हे वाक्य कोणाच्याच कामाचं नाही. "२०२४-२५ च्या हंगामात ८ मजुरांचा वेचणीचा रोजचा हिशोब आणि चुकारा केला" हे वाक्य मी वाचलं तर त्या पोराला बसवून चार प्रश्न विचारते. आकडा मात्र खरा पाहिजे, चार मजूर असतील तर चारच लिहा.

आईच्या बचत गटाची नोंदवही तुम्ही लिहीत असाल, गणपती मंडळाची वर्गणी सांभाळली असेल, शेजारच्या आबांची ई-पीक पाहणी, म्हणजे सातबाऱ्यासाठी पिकाची नोंद, मोबाईलवर करून दिली असेल, ते पण लिहा. ई-पीक पाहणी २०२१ पासून राज्यभर सुरू झाली आणि तेव्हापासून गावातल्या कितीतरी लोकांची नोंद शिकलेल्या पोरांनीच करून दिली आहे. गट नंबर, क्षेत्र, पिकाचा फोटो, नेटवर्क नसताना काय करायचं, हे सगळं लोकांना समजावून सांगणं म्हणजे कामच आहे. फक्त एक सांगते, कोणाचा ओटीपी आपल्या मोबाईलमध्ये ठेवायचा नाही, त्यांच्यासमोर टाकायचा आणि विषय संपला.

मग वेळ कुठून काढायचा ते ठरवा

आपल्याकडे हा प्रश्न शहरापेक्षा वेगळा आहे, आणि इथंच बरेच जण अडकतात. सोयाबीनचा सीझन आणि हिवाळी परीक्षा जवळजवळ एकाच वेळी येतात, मग कापूस, मग तूर, मग उन्हाळी परीक्षा. शेवटची एसटी साडेपाचची असते. त्यामुळे "रोज चार तास पार्टटाइम" वगैरे सल्ला आपल्याला लागू पडत नाही, तो सोडून द्या.

जमतं ते असं. कॉलेज साधारण दुपारपर्यंत सुटतं आणि बस संध्याकाळची असते, मधले दोन-तीन तास स्टँडवर नाहीतर टपरीवर जातात. आठवड्यातले दोन दिवस तेच तास एका जागी द्या. दुसरं म्हणजे उन्हाळी परीक्षा संपल्यापासून पेरणीपर्यंतचा काळ, वावरात तेव्हा नांगरणी-वखरणी सोडून फार काही नसतं, तो सलग वापरा. पण घरी आधी बोलून घ्या. बाबांना नुसतं "इंटर्नशिप करतो" म्हटलं तर त्यांना वाटतं पोरगा कामातून सुटायला पाहतो. कुठं जातो, किती वाजता येतो, त्यातून काय मिळणार आणि सीझनला मी घरी आहेच, हे सगळं सांगितलं की बहुतेक घरी हो म्हणतात.

कॉलेजात जे फुकट पडलंय ते उचला

एनएसएस, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजना घ्या. १९६९ ला सुरू झालेली योजना आहे, वर्षाला १२० तास असे दोन वर्षांत २४० तास आणि सात दिवसांचं शिबिर. बरेच जण गुणांसाठी नाव टाकतात आणि फोटोपुरते उभे राहतात. तसं नका करू. शिबिरात जेवणाचा हिशोब, गावातला सर्व्हे, सरपंचांशी पत्रव्यवहार, यातलं एक काम स्वतः मागून घ्या आणि पूर्ण सांभाळा. साठ पोरांचं सात दिवसांचं जेवण, किराणा किती आणायचा, पैसे कुठं संपले, हे ज्यानं एकदा सांभाळलं त्याला मुलाखतीत सांगायला भरपूर असतं.

'कमवा व शिका' योजना बऱ्याच कॉलेजात आहे आणि बऱ्याच पोरांना माहीतच नाही. ग्रंथालय, प्रयोगशाळा, ऑफिस, बाग, तासाप्रमाणे मानधन मिळतं, पैसे कमी असतात पण ग्रंथालयातलं काम मिळालं तर नक्की घ्या. पुस्तकांची नोंद, कॉम्प्युटरवर एंट्री, येणाऱ्या माणसाशी बोलणं, आणि वरून वाचायला मिळतं. ऑफिसात जाऊन सरळ विचारा, नोटीस लागायची वाट पाहू नका.

आता ओजेटी. नवीन शैक्षणिक धोरणाच्या अभ्यासक्रमात पदवीला फील्ड प्रोजेक्ट, कम्युनिटी एंगेजमेंट आणि ऑन जॉब ट्रेनिंग आलंय, एमए-एमकॉमला पण आहे. ओजेटी साधारण ४ क्रेडिटची, एका क्रेडिटला ३० तास धरले तर १२० तास होतात. तुमच्या शाखेत कोणत्या सेमिस्टरला आहे ते अभ्यासक्रमाच्या पीडीएफमध्ये पाहून घ्या, अमरावती, नागपूर, गोंडवाना, ज्याचं जे विद्यापीठ असेल ते.

इथं मला कळकळीनं सांगायचंय. मामाच्या दुकानाचा शिक्का मारून १२० तासांचं सर्टिफिकेट आणू नका. गुण मिळतात, सगळेच तसं करतात, हे मला माहीत आहे. पण अख्ख्या पदवीत हे १२० तासच असे आहेत की कॉलेज स्वतः तुम्हाला पत्र देऊन बाहेर पाठवतं. प्राचार्यांच्या सहीचं पत्र घेऊन आलेल्या पोराला जिनिंगवाला, बँकवाला, पंचायत समितीतले साहेब निदान बसायला तरी सांगतात. तेच पत्र पुढच्या वर्षी मिळत नाही. आणि हातच्या कामातून शिकणं ही काही बाहेरून आलेली गोष्ट नाही, १९३७ ला वर्ध्याच्याच शिक्षण परिषदेत गांधीजींनी नई तालीम मांडली, ती आपल्याच मातीतली आहे.

कुठं जायचं

बीकॉमवाल्यांनी कर सल्लागाराचं ऑफिस पाहावं, जीएसटी रिटर्नच्या तारखा जवळ आल्या की तिथं माणूस कमी पडतोच. बाजार समितीतला आडत्या, जिनिंग-प्रेसिंग, अकोल्याकडे दालमिल, गोंदिया-भंडाऱ्याकडे राइस मिल, वरुड-मोर्शीला संत्र्याचं ग्रेडिंग आणि पॅकिंग, हे सगळे आपले उद्योगच आहेत. आपण ते रोज पाहतो म्हणून ते "कंपनी" वाटत नाहीत एवढंच.

बीएस्सी, ॲग्रीवाल्यांनी कृषी विज्ञान केंद्र आणि शेतकरी उत्पादक कंपनी पाहावी. माती परीक्षण प्रयोगशाळा, बियाण्याची उगवणशक्ती तपासणं, पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोंदी, यात हात बसतो. बीए, बीएसडब्ल्यूवाल्यांसाठी उमेद अभियानाचे (बचत गटांचे) प्रभागसंघ, पंचायत समिती, तालुक्याचा वार्ताहर, आपले सरकार केंद्र. समाजात काम करायची मनापासून ओढ असेल तर गडचिरोलीच्या 'सर्च' संस्थेचा 'निर्माण' उपक्रम २००६ पासून तरुणांसाठी शिबिरं घेतो, त्याची निवड प्रक्रिया पाहा.

जागा निवडताना मी एकच गोष्ट पाहायला सांगते, तिथं रोज कागद तयार होतो का? पावती, रजिस्टर, बिल, रिपोर्ट काहीतरी. जिथं कागद तयार होतो तिथं शिकायला मिळतं, कारण तुम्ही काय केलं ते दुसऱ्या दिवशी दिसतं. नुसतं चहा आणून दे, झेरॉक्स काढून आण अशी जागा असेल तर आठवडाभरात बदला.

आमच्याकडचंच एक उदाहरण सांगते. मागं एक पोरगी ओजेटीला होती, तिला काम दिलं धर्मकाट्याच्या, म्हणजे गाडीसकट माल तोलायच्या काट्याच्या पावत्या एक्सेलमध्ये भरायचं. भरलेल्या ट्रॉलीचं वजन, रिकाम्या ट्रॉलीचं वजन, दोन्ही वजा केले की माल. कोणीही डोळे मिटून भरली असती. तिनं ट्रॅक्टरच्या नंबरप्रमाणे पावत्या लावल्या आणि विचारलं, ताई, ट्रॅक्टर तोच, ट्रॉली तीच, मग रिकामं वजन या पावतीवर दीडशे किलोनं जास्त काहून? शोधलं तर त्या दिवशी रिकाम्या ट्रॉलीचं वजन करताना हमाल वरच बसून होते. रिकामं वजन वाढलं म्हणजे माल तेवढा कमी दिसतो, म्हणजे त्या शेतकऱ्याचं दीड क्विंटल सोयाबीन कागदावर कमी भरलं होतं. आम्ही हिशोबपट्टी दुरुस्त करून फरक दिला. त्या पोरीला एक्सेलचे फार फॉर्म्युले येत नव्हते, तिला आकड्याच्या मागची ट्रॉली दिसली आणि तिनं विचारायची हिंमत केली. हे गावातल्या पोरापोरींना शहरातल्यांपेक्षा लवकर दिसतं, कारण त्यांनी ट्रॉली पाहिलेली असते.

विचारायचं कसं

व्हॉट्सॲपवर बायोडाटा पाठवून उत्तराची वाट पाहत बसू नका, आपल्याकडे समोर जाऊनच काम होतं. पण वेळ पाहून जा. बाजार समितीत हर्रास (लिलाव) चालू असताना गेले तर कोणी बोलणार नाही, दुपारी गर्दी ओसरली की जा. कर सल्लागाराकडे जुलैच्या शेवटच्या आठवड्यात जाऊ नका, बँकेत सोमवारी जाऊ नका.

बोलायचं ते थोडक्यात. "नमस्कार भाऊ, मी अमुक गावचा, इथल्याच कॉलेजात बीकॉम दुसऱ्या वर्षाला आहे. मला हिशोबाचं काम शिकायचंय. मंगळवार-गुरुवार दुपारी दोन ते पाच मी येऊ शकतो. पहिला महिना पैसे नको, काम पसंत पडलं तर पुढचं पाहू." बस, एवढंच. वार, वेळ आणि काय शिकायचं हे तीन ठरवून गेलं की समोरच्याला विचार करायला सोपं जातं. "काही काम असेल तर द्या" म्हटलं की नाही म्हणणं सोपं जातं. एका ठिकाणी नाही म्हटलं तर विचारा, दुसरीकडे कुठं लागत असेल का भाऊ, आपल्याकडची माणसं नाव सांगतातच. आणि पहिला महिना म्हणजे पहिलाच महिना, त्यानंतर निदान बसभाडं आणि काहीतरी मानधन मागा, मागायला लाजू नका, महिनोन्‌महिने फुकट राबणं म्हणजे शिकणं नाही.

सोबत एक साधा अर्ज ठेवा, हातानं लिहिलेला चालतो. नाव, गाव, कॉलेज, वर्ष, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, आठवड्याचे वार आणि वेळ, काय शिकायचं, मोबाईल नंबर. ओजेटी असेल तर कॉलेजचं पत्र. झेरॉक्स कॉपीवर "मिळाला" म्हणून सही घ्या.

पोरींसाठी थोडं वेगळं लिहिते. घरून परवानगी मिळत नाही त्यात बहुतेक वेळा भीती असते कुठं जाते, कोण आहे तिथं. म्हणून शक्य असेल तर दोघी मिळून एकाच ठिकाणी जा, आईला किंवा मोठ्या भावाला पहिल्या दिवशी जागा दाखवून आणा, आणि काम शेवटच्या बसच्या निदान अर्धा तास आधी संपेल असं सुरुवातीलाच सांगून ठेवा. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे कॉलेजच्या पासवर न बसणाऱ्या गावी जायचा खर्च पण कमी येतो. आणि कुठं बोलणं-वागणं खटकलं तर सर्टिफिकेटचा विचार न करता त्याच दिवशी निघून या, कॉलेजातल्या मॅडमला सांगा.

काम लागल्यावर

पहिला आठवडा ऐका आणि लिहा. रोज बसमध्ये वहीत चार ओळी: आज काय केलं, कोणता शब्द नवीन ऐकला, कुठं चुकलं, उद्या काय विचारायचं. जिनिंगवर असाल तर कापसाचा ओलावा मशिननं कसा मोजतात ते पाहा. सीसीआयच्या (सरकारी कापूस महामंडळाच्या) खरेदीत ओलावा ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण हमीभाव, त्याच्यावर १२ पर्यंत कपात आणि १२ च्या वर घेत नाहीत, हे पाठ करून उपयोग नाही, पण दोन गाड्यांचा ओलावा वेगळा निघाला तर चुकाऱ्यात किती फरक पडतो ते एकदा स्वतः काढून पाहा, कायमचं डोक्यात बसतं.

पैशाला हात लावायचं काम सुरुवातीला घेऊ नका, घ्यावंच लागलं तर मोजून घ्या, मोजून द्या, सही घ्या. कोऱ्या कागदावर सही नाही. मालकाचा पासवर्ड लिहून ठेवायचा नाही. तिथल्या शेतकऱ्यांचे आधार, पासबुकचे फोटो आपल्या मोबाईलमध्ये ठेवायचे नाही.

सोबत कोणती स्किल

खूप कोर्सच्या मागं लागू नका. एक्सेल, टायपिंग, आणि फोनवर नीट बोलणं, या तीन गोष्टी आल्या तर तालुक्यातल्या निम्म्या ऑफिसात तुम्ही कामाचे होता. एक्सेल शिकायला घरचाच हिशोब घ्या, वावराचा एका वर्षाचा खर्च, बियाणं, खत, फवारणी, मजुरी, आणि आलेले पैसे. एकरी खर्च किती ते काढा. बाबा पण बसून पाहतील.

टायपिंगला मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्द प्रति मिनिट हे लिपिक-टंकलेखक पदासाठी लागतं, राज्य परीक्षा परिषदेची परीक्षा असते, पदवी चालू असतानाच करून घ्या, एमएससीआयटी पण. स्वयम आणि एनपीटीईएल या सरकारी ऑनलाइन पोर्टलवर कोर्स फुकट शिकता येतो, सर्टिफिकेट हवं असेल तरच परीक्षेची फी. इंग्रजीसाठी रोज एक ईमेल लिहायची सवय लावा, कोणाला पाठवायचा नसला तरी.

योजना आणि फसवणूक

यात गैरसमज फार आहेत. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना २०२४ ला आली, बारावीला ६ हजार, आयटीआय-डिप्लोमाला ८ हजार, पदवीधरांना १० हजार विद्यावेतन. पण ती शिक्षण चालू असलेल्यांसाठी नाही. पंतप्रधान इंटर्नशिप योजनेत पण सुरुवातीच्या नियमात वय २१ ते २४ आणि पूर्णवेळ शिक्षण चालू नको अशी अट होती. म्हणजे या दोन्ही डिग्रीनंतरच्या आहेत असं धरून चाला, अर्ज करायच्या आधी त्या वेळचे नियम वाचा, आणि तोपर्यंत राज्याच्या महास्वयम रोजगार पोर्टलवर नोंदणी, आधार-बँक लिंक, मार्कशीट हे तयार ठेवा. अप्रेंटिसशिपचं एनएटीएस पोर्टल पण तेव्हाच कामी येतं.

आणि कोणी इंटर्नशिप देतो म्हणून रजिस्ट्रेशन फी, लॅपटॉपचं डिपॉझिट, युनिफॉर्मचे पैसे मागितले तर द्यायचे नाही. घरबसल्या डेटा एंट्री, आधी दोन हजार भरा, असे मेसेज फिरत राहतात. काम देणारा पैसे देतो, घेत नाही. तुमच्या नावावर बँक खातं काढून दुसऱ्याला वापरायला द्या असं कोणी म्हटलं तर ते सरळ गुन्ह्यात अडकणं आहे, तिथं जवळच्या मित्राचं पण ऐकू नका.

सर्टिफिकेट आणि बायोडाटा

सर्टिफिकेटचा मजकूर तुम्हीच कच्चा लिहून न्या, साहेबांना वेळ नसतो. त्यात तारखा, एकूण तास, नेमकी कामं आणि फोन नंबर असावा. "समाधानकारक काम केले" एवढंच लिहिलेलं सर्टिफिकेट माझ्यासमोर आलं तर मी त्यावरून काहीच ठरवू शकत नाही. "सोयाबीन खरेदीच्या पावत्यांची एक्सेल नोंद, साठा रजिस्टर, बारदान्याचा हिशोब" असं असेल तर पुढं बोलणं सुरू होतं.

बायोडाटा एक पानाचा. जन्मवेळ, रास, वडिलांची जमीन किती हे लग्नाच्या बायोडाट्यात, इथं नाही. आधी काम, मग शिक्षण. मुलाखतीत "मी मेहनती आहे" म्हणण्याऐवजी वहीतला एक प्रसंग सांगा, काय अडचण होती, मी काय केलं, पुढं काय झालं. मराठीत नीट सांगता आला की मग इंग्रजीत बसवा.

तिसऱ्या वर्षात असाल आणि यातलं काहीच केलं नसेल

तर एवढं करा. या रविवारी वही लिहून काढा, घरच्या कामापासून. पुढच्या आठवड्यात ओजेटीच्या सरांना भेटून पत्र कधी मिळतं ते विचारा आणि ते मिळायच्या आधीच दोन-तीन जागी जाऊन बोलून ठेवा, कारण पत्रं वाटल्यावर सगळा वर्ग एकाच बँकेत जाऊन उभा राहतो. उन्हाळी परीक्षेचा शेवटचा पेपर झाला की दुसऱ्या दिवसापासून पेरणीपर्यंत त्याच जागी रोज जायचं, ओजेटीचे तास संपले असले तरी. आणि मालकांना सांगून ठेवायचं, की भाऊ, पुढच्या वर्षी आमच्या गावचं एक पोरगं पाठवतो, त्याला पण घ्या.